आधी पाइपच्या आत बघा, मग फरशीला हात लावा

आईच्या बाथरूमची फरशी फोडली त्याला आता बरेच महिने झाले. नवी फरशी बसली, तरी तिथे पाय ठेवला की मला अजून राग येतो. कारण त्या फरशीखाली काहीही बिघडलेलं नव्हतं.

आमची ड्रेनेज लाइन दोन वर्षांत चार वेळा तुंबली. दर वेळी तेच. मागचा चेंबर भरायचा, बाथरूमच्या ट्रॅपमधून पाणी वर यायचं, कुणीतरी येऊन लांब सळई घालायचं, गडगड आवाज करत पाणी उतरायचं आणि आम्ही सुटलो म्हणायचो. चौथ्या वेळी सळई एका जागी अडकली. आलेल्या माणसाने आत गेलेल्या सळईचा अंदाज घेतला, बाहेर दोन-चार पावलं टाकली आणि सांगितलं, "लाइन बाथरूमखाली बसलीय, फोडावं लागेल." आम्ही हो म्हटलं. दोन दिवस घण चालला. सत्तरी ओलांडलेली आई आठवडाभर शेजारी अंघोळीला जात होती. खालून निघाला तो धडधाकट पाइप.

त्यानंतर पाइपच्या आत कॅमेरा घालून बघणारे कॅमेरावाले आले. मोठ्या रिळावर गुंडाळलेली फायबरग्लासची ताठ केबल, तिच्या टोकाला अंगठ्याहून थोडं जाड डोकं, भोवती एलईडी दिव्यांचं कडं, आणि एक स्क्रीन. एवढंच. आधी साचलेलं पाणी काढलं, कारण पाण्याखाली कॅमेऱ्याला गढूळपणाशिवाय काही दिसत नाही. मग मागच्या चेंबरमधून केबल हळूहळू आत ढकलायला सुरुवात झाली. स्क्रीनच्या कोपऱ्यात मीटरचा आकडा चालू होता. 6 मीटरला बाथरूमचा फाटा गेला, स्वच्छ. पुढे एक बेंड. 14 मीटर 20 ला केबल धरणाऱ्याचा हात थांबला. "ताई, इकडे या. हे बघा."

दोन पाइपांचा जोड सरकला होता. पुढच्या पाइपची कड पायरीसारखी वर आली होती आणि फटीतून केसांसारख्या मुळांचा झुबका आत लोंबत होता. चार वेळा आम्ही जे "साफ" केलं, ते या झुबक्यात अडकलेलं होतं. सळईने मुळं तुटायची आणि काही महिन्यांत पुन्हा वाढायची. जोडातून ओलावा झिरपत राहिला की मुळं तिकडे येणारच, त्यात झाडाचा काय दोष?

त्यानंतर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यात एक छोटा ट्रान्समीटर असतो, बहुतेक वेळा 512 हर्ट्झचा. इतकी कमी वारंवारता घेण्यामागे कारण आहे: बिडाच्या पाइपमधूनही तो संकेत बाहेर येतो, वरच्या वारंवारतेचा अडतो. दुसरा माणूस रिसीव्हर घेऊन अंगणात फिरला, एका जागी थांबला, खडूने फुली मारली आणि पाइप किती खोल आहे तेही सांगितलं. बाथरूमपासून कितीतरी लांब. फुलीवर खणलं, तर वीतभराच्या फरकाने तोच जोड हाताला लागला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. आत बघितल्याशिवाय कुणालाही फरशी, भिंत किंवा रस्ता फोडू देऊ नका. पहिल्यांदा तुंबलं तर साफ करून बघा, ठीक. पण तीच लाइन दुसऱ्यांदा तुंबली की तिथे काहीतरी कायमचं बसलेलं आहे असं धरून चाला आणि कॅमेरा घाला. अनुभवी माणसाचा अंदाज मी हलका लेखत नाही. पण सळईला फक्त अडथळा कळतो. तो मुळांचा आहे, चरबीचा आहे, सरकलेल्या जोडाचा आहे की पाइप चेपल्याचा, हे तिला कळत नाही, आणि या चारही गोष्टींवर उपाय वेगळे आहेत.

आता दुसरी बाजू, कारण हे सांगितलं नाही तर माझं सांगणं अर्धवट राहील. त्या स्क्रीनवरचं चित्र माणसाला घाबरवतं. लेन्स रुंद कोनाची असते, दिवा अगदी जवळ असतो, त्यामुळे 100 मिलिमीटरचा पाइप बोगद्यासारखा दिसतो आणि केसाएवढी चीर दरीसारखी. साधा जोडही पहिल्यांदा बघणाऱ्याला तडा वाटतो. अशा चित्राच्या जोरावर "सगळी लाइनच बदला" असं गळ्यात मारणं सोपं आहे. म्हणून बघताना शेजारी उभे राहा आणि विचारा: किती मीटरवर? पाइपच्या वरच्या बाजूला की तळाला? हे काम करणारे घड्याळाच्या भाषेत बोलतात. 12 म्हणजे माथा, 6 म्हणजे तळ, 3 आणि 9 म्हणजे बाजू. "14 मीटर 20, 5 ते 7" असं कुणी सांगितलं की समजायचं, हा माणूस नीट बघतोय.

पाइप मध्येच खाली बसला असेल तर तेही दिसतं, आणि ते ओळखायला शिकणं अवघड नाही. कॅमेरा पाण्यात बुडतो, चित्र गढूळ होतं, काही अंतराने पुन्हा वर येतो. बुडाला तेव्हाचा आणि वर आला तेव्हाचा आकडा लिहून ठेवा, तेवढी लाइन बसलेली. पण याआधी वरून थोडं पाणी सोडायला हवं. कोरड्या पाइपमध्ये हा दोष सहज लपतो. तसंच, जेटिंग करून, म्हणजे जोरदार दाबाचं पाणी मारून, सगळं धुऊन काढल्यावरच कॅमेरा घातला तर मुळं किती होती, चरबी कुठे साचली होती, हे कळायचा मार्ग उरत नाही. शक्य असेल तितकं आधी बघा आणि साफ केल्यावर पुन्हा बघा. शिवाय कॅमेरा पाइपच्या फक्त आतलं दाखवतो. बाहेरची माती वाहून पोकळी झाली आहे का, जोड बाहेरच्या बाजूला गळतो का, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी पाण्याची किंवा हवेच्या दाबाची चाचणी लागते.

घराबाहेरच्या मोठ्या लाइनचा विषय मला याहून जवळचा वाटतो. तिथे चाकांवर चालणारा रोबो जातो. त्याचा कॅमेरा मान वळवतो, फाट्यात डोकावतो, उतार मोजतो. मोठ्या काँक्रीटच्या गटारांमध्ये धोका बऱ्याचदा वर, माथ्याला असतो. मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, माथ्यावरच्या ओलसर थरातले जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि ते सिमेंट खात जातं. खालून पाणी निवांत वाहत असतं आणि वरचं छत पातळ होत असतं. एक दिवस रस्ता खचतो आणि लोक म्हणतात, अचानक झालं.

तोच वायू माणसं मारतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण दशलक्षात 100 भागांच्या आसपास तो गेला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. आत उतरलेल्याला वाटतं वायू गेला. 500 च्या पुढे माणूस काही क्षणांत कोसळू शकतो, आणि त्याला काढायला गेलेलाही. फक्त "आत काय झालंय" हे बघण्यासाठी कुणाला मॅनहोलमध्ये उतरवणं, हे कॅमेरा उपलब्ध असताना मला अक्षम्य वाटतं. खर्च, वेळ, सवय, कुठलंही कारण मला पटत नाही.

बघितलेलं नोंदवायची पद्धतही जगाने कधीच बसवली आहे. ब्रिटनमध्ये 1980 साली गटारांच्या स्थितीचं वर्गीकरण करणारी पुस्तिका निघाली. अमेरिकेत पीएसीपी नावाच्या पद्धतीत प्रत्येक दोषाला ठरलेलं सांकेतिक नाव आणि 1 ते 5 अशी श्रेणी आहे, 5 म्हणजे सर्वात वाईट. यामुळे पाच वर्षांनी दुसऱ्याच माणसाने तोच पाइप बघितला तरी दोष वाढला की तिथेच आहे, हे ताडून बघता येतं. न खणता दुरुस्तीही याच डोळ्यांवर चालते. 1971 साली लंडनमध्ये एरिक वुड यांनी जुन्या गटारात रेझिनने, म्हणजे नंतर कडक होणाऱ्या चिकट द्रवाने, भिजवलेलं अस्तर घालून आतल्या आत नवा पाइप तयार केला. असं अस्तर घातलं की घरांचे फाटे झाकले जातात. ते नेमक्या जागी पुन्हा कापून उघडायचे, तर आधी आत बघून नोंद करायला हवी.

एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. जमिनीखालून न खणता गॅसची लाइन टाकताना ती चुकून सांडपाण्याच्या पाइपमधून आरपार जाऊ शकते. पुढे कधी ती सांडपाण्याची लाइन तुंबली आणि कुणी फिरतं पातं घातलं, तर गॅसचा पाइप कापला जातो. यातून स्फोट झालेले आहेत. त्यामुळे तुमच्या भागात असं काम झालं असेल, तर पातं घालू देण्याआधी कॅमेरा घालायला सांगा. यात तडजोड नको.

आणि व्हिडिओ मागून घ्या. त्यावर तारीख, कुठून सुरुवात केली आणि मीटरचा आकडा दिसायला हवा. घाईघाईने ढकलत नेलेला व्हिडिओ कामाचा नसतो. जोडाजोडाला थांबलेला हवा. पैसे तुम्ही दिलेत, पाइप तुमचा आहे.

आमच्याकडे जोड बदलल्यावर पुन्हा कॅमेरा घातला. आई खुर्ची घेऊन स्क्रीनसमोर बसली होती. 14 मीटर 20 ला काही अडलं नाही, उजेड सरळ रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत गेला. आईने विचारलं, "मग माझी फरशी का फोडली होती?" कॅमेरावाला काही बोलला नाही. मीही नाही. दोन्ही व्हिडिओ आणि कागदावर काढलेला लाइनचा नकाशा मी घराच्या कागदपत्रांसोबत ठेवला आहे. पुढे जो कुणी आमच्या चेंबरचं झाकण उघडेल, त्याला आधी तो नकाशा बघावा लागेल.