भाकरी थापणारे हात आणि न पिळले जाणारे लुगडे

वयाबरोबर घटणाऱ्या मुठीच्या ताकदीवरचा माझा लेख वाचून तासगावहून आपण लिहिले आहे की, 'म्हातारपणाचा आजार करू नका. माझ्या सासूबाई ७८व्या वर्षी रोज भाकऱ्या थापतात, त्यांची मूठ यंत्रावर मोजायची गरज नाही.'

आपला राग अर्धा रास्त आहे. म्हातारपणी होणाऱ्या स्नायूंच्या झिजेवरील आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषानुसार पुरुषांची पकड २८ किलोंपेक्षा आणि स्त्रियांची १८ किलोंपेक्षा कमी भरल्यास ती क्षीण मानतात, एवढे सांगून त्या लेखात मी थांबलो. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असला किंवा मनगटात नस दबली असली तरीही तो आकडा उतरतो, हे लिहायला हवे होते. रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर वयाला बोल न लावता डॉक्टरांना दाखवावे.

भाकरीचा दाखला मात्र मला पटत नाही. भाकरीला जोरापेक्षा हातवळण अधिक लागते आणि हातवळण ताकदीची उणीव कितीतरी वर्षे झाकून ठेवते. माझी आई सांगलीच्या घरी अखेरपर्यंत भाकरी करत होती. पण तिच्याच्याने नऊवारी लुगडे पिळवेनासे झाले आहे, हे आम्हां कुणाच्याही ध्यानात आले नाही. दोरीखालची फरशी दुपारपर्यंत ओली राहायची आणि आम्ही उलट तिलाच जपून चाल म्हणून सांगायचो. पुढे लोणच्याच्या बरणीचे झाकणही ती सैलच ठेवू लागली, तेव्हा मुंग्या लागल्या म्हणून घरात कुरबुर झाली, एवढेच.

याचे कारण असे, की वयाबरोबर झटकन जोर लावणारे स्नायुतंतू अधिक झिजतात आणि त्यांना चालवणाऱ्या मज्जापेशीही घटतात. अमेरिकी पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९मध्ये या क्षयाला सार्कोपेनिया हे नाव सुचवले. झीज त्याआधीही होतीच, नाव तेवढे नव्हते.

'हाताला काम असतेच' हेही अपुरे आहे, कारण रोजच्याच भाराने ताकद वाढत नाही. भार हळूहळू वाढवावा लागतो. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या मोजक्या वृद्धांनी ८ आठवडे पायांनी वजने उचलली आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. पायांचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण मूठ ही साऱ्या अंगाच्या ताकदीची खूण असते; नुसता रबरी चेंडू दाबत बसल्याने खुर्चीतून उठणे सोपे होत नाही. ताटात भाकरीसोबत उसळ, पिठले किंवा अंडे हवे, हे ओघाने आलेच.

यंत्र नकोच असेल, तर सासूबाईंना एकदा ओला पंचा पिळायला द्या आणि मग तोच आपण पिळून पाहा, आणखी किती पाणी निघते ते.