स्कडर क्रमानेच वाचा
एका लेखात अमेरिकन लेखक लॉरेन्स ब्लॉकच्या मॅट स्कडर या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांच्या सिरीजबद्दल "कुठलंही पुस्तक आधी उचला, फरक पडत नाही" म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. फरक पडतो हो, लई पडतो. हा स्कडर न्यूयॉर्कचा पोलीस, ड्यूटी संपल्यावर बारमध्ये बसलेला, दरोडेखोरांवर गोळ्या झाडतो, त्यातली एक उसळून एका लहान मुलीला लागते अन ती जाते, खातं दोषी धरत नाही तरी हा नोकरी सोडतो, बायको-पोरांना सोडून हॉटेलच्या खोलीत राहतो, लायसन्स नसताना लोकांची कामं घेतो आणि मिळालेल्या पैशातले 10 टक्के दिसेल त्या चर्चच्या पेटीत टाकतो. का टाकतो ते लेखक समजावत बसत नाही, तेच तर भारी आहे. 1976 च्या पहिल्या पुस्तकापासून त्याची दारू बघत बघत 1982 च्या पाचव्यापर्यंत आलात तरच तो शेवट काळजात घुसतो, मी सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये वरच्या बर्थवर वाचला, कुर्डुवाडी मागं गेली तरी डोळ्याला डोळा नाही. खुनी कोण वगैरे बाजूलाच राहतं.

सोलापुरात ही पुस्तकं सहज मिळत नाहीत, कुणाकडं नंतरची असतील तर सांगा की, वाचून नीट परत देतो.