पानाच्या फोटोमागचं डासपुराण

"शंभर टक्के वनस्पतिज. केमिकल नसल्याने तान्ह्या बाळालाही चालतं. बाजारातल्या क्रीमइतकंच टिकतं. क्रीममधलं डीट हे विष आहे. आणि हो, डबीसुद्धा मातीत मिसळून जाते!" डास पळवणाऱ्या हर्बल स्प्रे आणि बामची भलामण करणारं हे ढकलपत्र मला आतापर्यंत चार गटांतून आलंय. पाठवणारे सगळे भले लोक, हेतूही चांगला. म्हणूनच एकेक वाक्य घेऊन बोलतो.

सुरुवात "केमिकल नाही"पासून. असल्या स्प्रेंत हमखास सापडणाऱ्या सिट्रोनेला तेलात (गवती चहाच्या जातीच्या गवताचं सुगंधी तेल) सिट्रोनेलाल, जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल असतं. ही रसायनंच, आणि डास दूर राहतो तो त्यांच्यामुळे. ती काढून टाकली तर बाटलीत राहणार काय? रसायन कुठून आलं यावरून ते सौम्य की जहाल हे ठरत नाही. निकोटीनही वनस्पतिजच, आणि एके काळी ते कीटकनाशक म्हणून पिकांवर फवारत. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम पाण्यातल्या माशांच्या जिवावर उठतं. टी ट्री तेल मांजरांना बाधतं. बर्गमॉट या लिंबाच्या कुळातल्या फळाचं कच्चं तेल लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते. सुगंधी तेलांतली लिमोनिन आणि लिनालूल ही द्रव्यं तर बाटली उघडी राहिली की हवेशी संयोग पावून ॲलर्जी आणणारे पदार्थ तयार करतात. सौंदर्यप्रसाधनांत ही दोन्ही ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असली, तर युरोपीय संघात त्यांची नावं लेबलवर छापावी लागतात.

तान्ह्या बाळाचा मुद्दा तर पार उलटा आहे. वनस्पतिज पर्यायांत सर्वांत भरवशाचा म्हणजे लेमन युकॅलिप्टसचा अर्क. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था तो तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नका म्हणते. आणि ज्याला विष म्हटलंय ते डीट, म्हणजे बाजारातल्या क्रीममधलं डास पळवणारं रसायन? तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना ते दोन महिन्यांनंतर, ३० टक्क्यांपर्यंत, चालेल म्हणते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला यातलं काहीच नको, मच्छरदाणी हवी.

आता "क्रीमइतकंच टिकतं". खरी मेख इथे आहे. २००२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक तुलना छापून आली. स्वयंसेवकांनी हाताला वेगवेगळी औषधं लावून डासांच्या पिंजऱ्यात हात घातले आणि पहिला डास कधी चावतो ते मोजलं. २३.८ टक्के डीट सरासरी ३०१ मिनिटं टिकलं, म्हणजे पाच तास. सोयाबीन तेलाचं एक उत्पादन दीड तासाच्या आसपास टिकलं, तेही बरंच म्हणायचं. सिट्रोनेलावाली मात्र वीस मिनिटांच्या पुढे गेली नाहीत. मनगटावरचे पट्टे तर मिनिटभरही टिकले नाहीत, आणि त्यातल्या एकात डीट होतं! मनगटाला पट्टा बांधून घोट्यावरचा डास थोडाच पळणार?

कारण सोपं आहे. या तेलांचे रेणू हलके, त्यामुळे ते भराभर उडतात. आपल्याला छान वास येतो तो त्यांच्या उडण्यामुळेच. खोलीभर घमघमाट सुटलाय म्हणजे माल हातावरून चाललाय. व्हॅनिलिनसारखे पदार्थ मिसळून हे उडणं लांबवता येतं, पण किती लांबलं हे मोजून सांगणारं लेबल विरळाच. मी स्वतः एकदा संध्याकाळी एका हाताला असा स्प्रे मारून घड्याळ लावून बसलो होतो. बाटलीवर आठ तास छापलेले. सतराव्या मिनिटाला पहिला पाहुणा कोपराजवळ उतरला.

मग वनस्पतिज सगळंच टाकाऊ? अजिबात नाही. लेमन युकॅलिप्टसच्या तेलातल्या सिट्रोनेलालवर प्रक्रिया करून पीएमडी नावाचं द्रव्य मिळतं. ते सहज उडत नाही, योग्य प्रमाणात कित्येक तास टिकतं. सीडीसीने २००५ मध्ये त्याला आपल्या शिफारशींत घेतलं. घोळ नावांत आहे. त्याच झाडाचं साधं सुगंधी तेल जवळपास त्याच नावाने विकलं जातं आणि त्यात पीएमडी नावापुरतंच असतं. तेव्हा बाटलीवर पुढे छापलेला झाडाच्या पानाचा फोटो सोडा, बाटली उलटी करा. पीएमडी किती टक्के ते लिहिलं नसेल तर ते सुगंधी तेल समजून चला.

डीटवर फार वेळ घालवत नाही. १९४६ मध्ये अमेरिकी सैन्यासाठी बनलं, १९५७ पासून सर्वसामान्यांच्या वापरात आलं. तिथल्या पर्यावरण संस्थेने १९९८ आणि २०१४ मध्ये फेरतपासणी केली. सूचनांप्रमाणे वापरलं तर आरोग्याला धोका आढळला नाही. त्याचे दोष वेगळे आहेत. डोळ्यांत गेलं तर झोंबतं, चष्म्याची प्लॅस्टिकची फ्रेम आणि घड्याळाची प्लॅस्टिकची काच खराब करतं. ते नकोच असेल तर इकारिडिन हे डास पळवणारं दुसरं रसायन आहे, त्याला वास जवळजवळ नाही आणि प्लॅस्टिकलाही ते धक्का लावत नाही.

राहिली डबी. संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा फवारा फुग्यावर उडवला की फुगा फुटतो, ते लिमोनिनचं काम. असली तेलं पुठ्ठ्यात झिरपतात आणि काही प्लॅस्टिकं विरघळवतात, म्हणून त्यांना काच किंवा ॲल्युमिनियम लागतं, नाहीतर पुठ्ठ्याला आतून अस्तर. 'कुजणारं' म्हणून जे पीएलए हे वनस्पतींपासून बनवलेलं प्लॅस्टिक वापरतात, ते कुजायला कारखान्यातल्या कंपोस्टची साठेक अंशांची ऊब लागते. बागेतल्या मातीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. शिवाय जे पाच तासांत पंधरा वेळा लावावं लागतं, त्याच्या डब्याही तितक्याच भराभर रिकाम्या होणार, हा हिशेब ढकलपत्रात कुठे नाही.

परवा रिकामी झालेली एक 'संपूर्ण कागदी' बामची नळी मी कटरने उभी चिरली. बाहेर खाकी पुठ्ठा, आत चकचकीत पातळ पापुद्रा, नखाने सोलला तर लांबच लांब पट्टी निघाली. लेबलावरही प्लॅस्टिकचा थर. सोबत आलेल्या स्प्रेचं बांबूचं झाकण पिळून काढलं, तर आत आट्यांचं पांढरं प्लॅस्टिक, पंपात स्टीलची स्प्रिंग आणि नळी. रद्दीत टाकण्याजोगा निघाला तो फक्त खाकी पुठ्ठा, आणि त्यालाही तेल लागलेलं होतं.