भिंतीची नाडी

आमची मुलुंडची इमारत १९८८ची. मुंबईत इमारतीनं तिशी ओलांडली की महापालिकेच्या कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करावं लागतं. माणसाची साठीशांत लाडू खाऊन होते, इमारतीची हातोडे खाऊन.

शनिवारी, पोहे ताटलीत पडतायत तोच इंजिनिअर आणि त्याचा मदतनीस दारात उभे. आधी रिबाउंड हॅमर निघाला. काँक्रीटवर दाबायचा, आतलं वजन आपटून किती उसळतं त्यावरून मजबुतीचा अंदाज बांधायचा. हे यंत्र गरीब आहे, कुणाचं वाईट करत नाही. मग हॉलमधल्या कॉलमचं प्लास्टर खरवडलं, भोक पाडलं आणि त्यात फिनॉल्फ्थॅलीन नावाचं रसायन फवारलं. काँक्रीट गुलाबी झालं तर ठीक; रंगच आला नाही तर कार्बोनेशन झालंय, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं काँक्रीटचा अल्कलीपणा घालवलाय, आतल्या सळ्या गंजायची भीती. आमचं मस्त गुलाबी झालं.

"अहो, हीच शेड हॉलला लावू या," ही म्हणाली.

तिथंच थांबले असते तर! पण मदतनीसाला बाथरूमच्या भिंतीत पोकळ आवाज ऐकू आला.

"तिथून पाइप गेलाय हो."

"काका, नुसतं बघतो," म्हणत त्यानं छिन्नीवर एक घाव घातला आणि भिंतीतून कारंजं उडालं. तो भिजला, मी भिजलो. इंजिनिअर कोरडाच. तो फोटो काढत होता.

नुकसानीचं विचारलं तर म्हणाला, "आम्हाला सोसायटीनं नेमलंय, त्यांच्याशी बोला." सेक्रेटरी म्हणाले, "सोसायटीनं तपासायला सांगितलं होतं, फोडायला नाही. शिवाय उपविधींप्रमाणे फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाची."

"पण फोडलं कुणी?"

"ते कमिटीत बघू."

कमिटीत गेलेला 'बघू' परत आलेला मी तरी पाहिलेला नाही. करारपत्र मागवलं, तर त्यात उकरलेला भाग 'संबंधितांनी' पूर्ववत करावा असं लिहिलेलं. संबंधित कोण, यावर तीन मतं पडली. तिन्हींत मी होतो. एवढ्यात खालच्या काकू वर आल्या. त्यांच्या देवघरात गणपतीवर सकाळपासून अभिषेक चालू होता, आणि गुरुजी कुणीच बोलावले नव्हते.

धांदलीत मदतनीस छिन्नी विसरून गेला. मी ती कपाटात ठेवली: भरपाई द्या, छिन्नी न्या. त्यांचे दोन फोन आले. दोन्ही छिन्नीसाठी.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. इमारत किरकोळ दुरुस्तीलायक. आमच्या फ्लॅटपुढे मात्र ठळक अक्षरांत: 'बाथरूममध्ये सक्रिय गळती. सभासदाने तातडीने दुरुस्ती करावी.' सोबत फोटो. त्यात भोक, कारंजं आणि ओल्या बनियनमधला मी.

शेवटी पदरचे पैसे मोजून प्लंबर बोलावला. त्यानं भिंत निरखली, टाइल वाजवून पाहिली, मग पिशवी चाचपली.

"साहेब, छिन्नी आणायची राहिली. घरात आहे का एखादी?"