सिम्युलेशनमधल्या पाणबुडीवर सेक्स्टंट कशाला?

एक दावा सारखा पुढे पाठवला जातो: पाणबुडीच्या सिम्युलेशनमध्ये सेक्स्टंट (सूर्य-तारे क्षितिजापासून किती अंश वर आहेत ते मोजायचं नाविकांचं उपकरण) नुसता शोभेचा असतो. बोट पाण्याखाली, नकाशावर तिची खूण आयती, आणि सेक्स्टंटनं अंतर तर मोजताच येत नाही!

आधी पाण्याखालचा मुद्दा. अणुपाणबुडीच्या सिम्युलेशनपुरता तो मान्य. पण दुसऱ्या महायुद्धातल्या डिझेल-विजेवरच्या बोटी बराचसा प्रवास पाण्यावरूनच करायच्या. जर्मन टाइप 7सी पाणबुडी पाण्यावर 17.7 नॉट (तासाला इतके सागरी मैल) गाठायची, पाण्याखाली जेमतेम 7.6, तेही बॅटरी टिकेल तोवर. तारे आणि क्षितिज एकदम दिसतात अशी संधिप्रकाशाची वेळ तिला रोज मिळायची.

आयत्या खुणेचं म्हणाल, तर अनेक सिम्युलेशनमध्ये ती बंद करता येते, आणि माझ्या मते खरी मजा तिथूनच सुरू होते. गडद काच लावून दुपारचा सूर्य क्षितिजापर्यंत उतरवायचा, सेक्स्टंट हलकेच डोलवायचा. बिंब कमानीत झुलतं. झोक्याच्या तळाशी ते क्षितिजाला नुसतं टेकलं पाहिजे. सूर्य माथ्यावर आला की हा कोन आणि त्या दिवसाची सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासून तो किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते) यांवरून अक्षांश निघतो. पाणबुडीचा ब्रिज (वरचा टेहळणीचा मंच) बुटका, तरी डोळा पाण्यापासून 5 मीटरवर असला तर क्षितिज सुमारे 4 कला (1 कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) खाली दिसतं. ही दुरुस्ती सिम्युलेशननं धरली असेल आणि तुम्ही विसरलात, तर अक्षांश 4 सागरी मैलांनी चुकला. रेखांशासाठी घड्याळही अचूक हवं: 4 सेकंदांचा फरक म्हणजे 1 कला.

अंतराचा दावा मात्र मला सगळ्यात खटकतो. सेक्स्टंट कोन मोजतो, हे खरंच. पण जहाजाची उंची ठाऊक असली की कोनातूनच अंतर मिळतं. पाण्याच्या रेषेपासून डोलकाठीच्या टोकापर्यंत 30 मीटर, कोन 1 अंश: 30 भागिले 1 अंशाचा टॅन्जंट, म्हणजे सुमारे 1,720 मीटर. कोन अर्धा झाला की अंतर दुप्पट. पेरिस्कोपमधल्या स्टॅडिमीटरचं (जहाजाच्या दोन प्रतिमा दाखवून अंतर काढणाऱ्या साधनाचं) तत्त्वही हेच. तिथे एका प्रतिमेतलं डोलकाठीचं टोक दुसरीतल्या पाण्याच्या रेषेवर आणतात. तो रोज वापरायचा आणि सेक्स्टंटला निकामी ठरवायचं, हे जुळत नाही.

खरी चूक होते ती उंचीत. डोलकाठी 27 मीटरचीच निघाली, तर तेच जहाज 1,550 मीटरवर असतं. म्हणून टॉर्पेडो सोडण्याआधी जहाज ओळख-पुस्तिकेशी नीट जुळवून घ्या.