‘गोव्याच्या गरमीत २०डब्ल्यू-५०च घाला’ या फॉरवर्डला उत्तर

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या गोव्यात दोन कामं निघतात, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या छताचं) सामान आणि गाडीचं इंजिन ऑइल. यंदा डिचोलीहून भाच्याने माटोळीच्या यादीआधी एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, हे खरं काय?” त्यानंतर तोच मजकूर मला आणखी तीन ग्रुपांवर दिसला. एका ठिकाणी तर खाली सतरा अंगठे होते. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहितो.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. ०डब्ल्यू-२० सारखी पाण्यागत पातळ ऑइलं बर्फाच्या देशांसाठी असतात. गोव्यात बर्फ पडत नाही, मग ‘झिरो’ कशाला? कंपन्या ती निव्वळ मायलेजचे आकडे दाखवायला घालतात, आणि इंजिन लवकर झिजलं की त्यांचीच नवी गाडी खपते. म्हणून घरी ऑइल बदलताना सरळ २०डब्ल्यू-५० घाला. प्रेशर वाढतं, आवाज कमी होतो, इंजिन दुप्पट टिकतं. कार, बुलेट, स्कूटर, सगळ्यांना एकच डबा.

आधी त्या आकड्यांचं बघू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे, विंटर. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० या मानकात डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत कसं वागतं ते सांगतो. ०डब्ल्यूची परीक्षा उणे ३५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. डब्ल्यूनंतरचा आकडा गरम इंजिनातला, १०० अंशांवर मोजलेला. म्हणजे ०डब्ल्यू-२० मधले २० आणि २०डब्ल्यू-५० मधले २० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नाव एकच असलेले दोन शेजारी समजा. बाजारात ०डब्ल्यू-४० सुद्धा मिळतं. त्यात ‘झिरो’ आहे, पण गरम झाल्यावर ते आपल्या ओळखीच्या २०डब्ल्यू-४० च्याच गटात बसतं. ‘झिरो म्हणजे ताकद शून्य’ असं समजणाऱ्याने हा डबा एकदा हातात घ्यावा.

उणे ३५ अंश आपल्याला कधीच लागणार नाहीत, एवढं फॉरवर्डचं बरोबर आहे. जानेवारीत सत्तरीच्या आतल्या गावांत पहाटे स्वेटर निघतो, त्यापुढे आपली थंडी जात नाही. पण उणे ३५ ला वाहतं राहणारं ऑइल बनवायला कंपनीला चांगलं, बहुतेक वेळा सिंथेटिक, बेस ऑइल घ्यावं लागतं. आणि सिंथेटिक ऑइल साध्या खनिज ऑइलपेक्षा उष्णतेतही जास्त तग धरतं. म्हणजे ‘थंडीचं ऑइल गरमीत जळतं’ हा हिशेब उलटा आहे.

आता मुख्य मुद्दा, गरमी. बाहेर मे महिन्याचे ३४ अंश असोत की श्रावणातले २६, कारच्या इंजिनात थर्मोस्टॅट असतो. तो कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाला, साधारण ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, आणि ऑइल ९० ते ११० च्या पट्ट्यात फिरतं. फोंड्याची दुपार आणि शिमल्याची सकाळ यांतला फरक गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालल्यावर ऑइलला फारसा कळतही नाही. चोर्ला घाट चढताना, एसी चालू आणि मागे चार माणसं असताना, तापमान आणखी वर जातं हे खरं. पण जे३०० मध्ये ऑइलची एक परीक्षा १५० अंशांवर, तीही प्रचंड दाबून-घासून होते. २० ग्रेडला, म्हणजे डब्ल्यूनंतर २० असलेल्या ऑइललाही, ती पास करूनच डब्यावर आकडा छापता येतो. घाट त्या हिशेबात आहे.

गोव्यात खरी अडचण गरमीची नाही, थंड इंजिनाची आहे. हसू नका. गाडी रात्रभर अंगणात उभी राहिली की सकाळी ऑइल असतं २५ अंशांवर. इंजिनाच्या दृष्टीने ही थंडीच. ऑइल किती दाट आहे ते सेंटिस्टोक या मापात मोजतात. नेहमीचं २०डब्ल्यू-५० शंभर अंशांवर साधारण १८ भरतं. तेच सकाळच्या २५ अंशांवर चारशेच्या जवळ जातं. ०डब्ल्यू-२० शंभर अंशांवर आठेक असतं आणि त्याच सकाळी ऐंशीच्या आसपास. हे आकडे पुन्हा वाचा. ज्याला आपण पाण्यागत म्हणतो ते ऑइल सकाळी किल्ली फिरवताना, गरम झालेल्या २०डब्ल्यू-५० पेक्षा चारपट दाट असतं. पाणी म्हणाल तर ते साध्या तापमानाला एक सेंटिस्टोक. तेव्हा ‘पाण्यासारखं’ हा शब्द सोलकढीसाठी ठेवू.

आणि आपण गाडी चालवतो कशी? घरातून बाजार, बाजारातून शाळा, रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीसाठी इंजिन बंद, चोडणला उतरून पुन्हा स्टार्ट. पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या. कित्येकांच्या गाडीचं ऑइल दिवसभरात एकदाही नीट तापत नाही. पावसाळ्यात ऑइल भरायचं झाकण उघडलं की आत दुधी साय दिसते, ती याचीच खूण. आत साठलेलं बाष्प उडून जायला इंजिन पुरेसं तापलेलंच नसतं. अशा वापरात जितकं दाट ऑइल, तितका जास्त वेळ ते अर्धवट अवस्थेत फिरतं. म्हणजे सल्ला दिलाय गोव्याच्या नावाने, आणि बसत नाही तो गोव्यालाच.

प्रेशर. हा मुद्दा गॅरेजमध्येही ऐकू येतो, म्हणून जरा थांबतो. दाट ऑइल घातलं की प्रेशर वाढतं, हे खोटं नाही. पण प्रेशर म्हणजे पोचलेलं ऑइल नव्हे. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की आत दाब वाढतो, म्हणून झाडाला पाणी जास्त मिळतं काय? दाब वाढतो तो वाट अडल्यामुळे. बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची, डोक्याच्या केसापेक्षा अरुंद. नवी इंजिनं, त्यांचा पंप, वरच्या कॅमकडे जाणाऱ्या बारीक वाटा, हे सगळं ठरावीक दाटपणा धरून आखलेलं असतं. ऑइल फार दाट आणि गार असेल तर पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं ऑइल वर न जाता मागे वळतं. फिल्टरमधलाही बायपास उघडू शकतो, आणि मग तेवढा वेळ ऑइल न गाळताच आत फिरतं. त्यात व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर अनेक गाड्यांत ऑइलच्या दाबावरच हलतात. दाट ऑइलने ते आळसावतात. सकाळी स्टार्ट करताना सेकंदभर खडखड येते ती कधीकधी यामुळेच.

दाट ऑइलचा थर जाड असतो हेही मान्य. त्या १५० अंशांच्या परीक्षेत दाटपणा वेगळ्या मापात, मिलिपास्कल-सेकंदात, मोजतात; २० ग्रेडला तो किमान २.६ लागतो आणि ५० ग्रेडला ३.७. रेसिंगवाले जाड थर मुद्दाम निवडतात. पण त्यांचं इंजिन त्यासाठी बांधलेलं असतं, आणि ते मासळी आणायला म्हापशाला जात नाहीत. आपल्या गाडीला २० ग्रेडचा थर पुरतो असं तिच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तर त्याहून जाड थराने टिकाऊपणा दुप्पट होत नाही. पंपाला जास्त ढकलावं लागतं, घर्षणाची उष्णता वाढते आणि पेट्रोल थोडं जास्त जातं.

आवाजाबद्दल एवढंच. व्हॉल्व्ह हलवणाऱ्या टॅपेटचा आवाज दाट ऑइलने दबतो. दुखरा दात दाबून धरला की दुखणंही दबतं.

कंपन्यांच्या कारस्थानाचा मुद्दा अर्धा खरा आहे आणि तो नाकारण्यात मला रस नाही. आपल्याकडे २०१७ पासून इंधन-कार्यक्षमतेचे कॅफे नियम लागू आहेत, २०२२ मध्ये ते कडक झाले, आणि कंपन्या पातळ ऑइलकडे वळल्या त्यात या नियमांचा मोठा हात आहे. पण त्यासाठी त्यांनी इंजिनं बदलली, नुसता डब्यावरचा आकडा नाही. वॉरंटीत इंजिन बिघडलं तर खर्च त्यांच्याच खिशातून जातो. तेव्हा तीन वर्षांत इंजिन झिजवण्यात त्यांचा फायदा कुठला, हे फॉरवर्ड सांगत नाही. उलट, पुस्तिकेबाहेरचं ऑइल घातलंत तर वॉरंटी नाकारायला आयतं कारण मात्र तुम्ही देता.

मग ही समजूत आली कुठून? जुन्या गाड्यांतून. बाबांच्या पद्मिनीत दाट ऑइलच जायचं आणि ते योग्यच होतं. त्या काळच्या इंजिनांतल्या फटी मोठ्या, ऑइलं साधी. पुस्तिकांत हवेच्या तापमानाप्रमाणे ऑइलचा तक्ताही असायचा. आजही ज्या पुस्तिकेत असा तक्ता आहे, तिथे गोव्याच्या रकान्यात एक पायरी दाट ऑइल दिलेलं असेल तर खुशाल घाला. गाडी दोन लाख किलोमीटर चाललेली आहे, ऑइल पिते, अशा वेळी जाणत्या मेकॅनिकने ०डब्ल्यू-२० ऐवजी ५डब्ल्यू-३० सुचवलं तर मी भांडायला जाणार नाही. पण २० वरून थेट ५० म्हणजे एक पायरी नव्हे, तीन आहेत.

‘सगळ्यांना एकच डबा’ हे मात्र मला सर्वांत धोकादायक वाटतं, आणि इथे प्रश्न आकड्याचा नाहीच. मोटारसायकलमध्ये बहुधा इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये भिजलेले असतात. कारच्या पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती मोटारसायकलच्या क्लचप्लेटवर बसली की क्लच घसरतो. म्हणून बाइकच्या डब्यावर जॅसो या जपानी मानकाचं एमए किंवा एमए-२ बघायचं. स्कूटरचा क्लच ऑइलमध्ये नसतो, तिला जॅसो एमबी चालतं. दिवसभर ऊन खात भाडी मारणाऱ्या आमच्या पायलटांना, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांना, हे पाठ असतं, कारण क्लच घसरला की त्यांची मजुरी बुडते. एअर-कूल्ड इंजिनाला थर्मोस्टॅट नसतो, बाहेरच्या हवेचा फरक त्याला जास्त जाणवतो, हेही तेच सांगतील. तरी ते पुस्तिकेतला आकडा सोडून उड्या मारत नाहीत.

आणि डिचोली-सांखळी पट्ट्यातल्यांसाठी खास. खाणीच्या ट्रकांमुळे घराघरांत १५डब्ल्यू-४० चे मोठे डबे असायचे, अजूनही असतात. ‘डिझेलचं ऑइल ते डिझेलचं ऑइल’ म्हणत ते बीएस-६ डिझेल कारमध्ये ओतू नका. २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी पकडणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. जुन्या पद्धतीच्या ऑइलातली राख त्यात अडकते. काजळी जळून जाते, राख जळत नाही. त्या पट्ट्यात इंजिनाची खरी काळजी घ्यायची असेल तर लाल धूळ भरलेला एअर फिल्टर वेळेवर बदला. ते फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही, कारण त्यात रहस्य नाही.

आता भाच्याचं. ‘खरं काय?’ असं विचारलं तेव्हा साहेबांनी आदल्याच रविवारी ०डब्ल्यू-२० च्या गाडीत तीन लिटर २०डब्ल्यू-५० ओतलं होतं. हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर दुसऱ्या कुणीतरी त्याला ‘इंजिन जाम झालं समज’ म्हणून घाबरवून सोडलं होतं. तेही तितकंच चूक. चुकीच्या आकड्याने इंजिन एका फेरीत मरत नाही. ५डब्ल्यू-३० पडलं असतं तर मी म्हटलं असतं, चालव, पुढच्या वेळी नीट घाल. इथे फरक मोठा होता, म्हणून त्याला सांगितलं की बेळगावची फेरी पुढे ढकल, गाडी हळू चालव आणि या आठवड्यातच ऑइल काढ. सोबत फिल्टरही बदल, जुना फिल्टर थोडं ऑइल धरून ठेवतो. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाल. भरताना डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे जाऊ नकोस, कारण जास्त झालेलं ऑइल फिरता क्रँक घुसळतो आणि त्याला फेस आणतो. इंजिन आतून धुणारं फ्लश वगैरे काही करायला लावलं नाही.

काढलेलं ऑइल त्याने डब्यात भरून गॅरेजवाल्याला दिलं, तिथून ते जुनं ऑइल घेणाऱ्याकडे जातं. आमच्याकडे वाळवी लागू नये म्हणून ते लाकडांना फासायची पद्धत आहे, उरलेलं गडग्याकडेला ओततात. पावसाळ्यात ते जातं कुठे, हे विहिरीचं पाणी पिणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

विकत आणलेल्या डब्यात अर्धा लिटर नवं ऑइल उरलं होतं. “मामा, पप्पांच्या बुलेटला चालेल काय?” बुलेटच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-५० आणि जॅसो एमए लिहिलेलं. हा डबा कारचा, त्यावर जॅसोचं नाव नाही. नाही म्हटलं. ते अर्धा लिटर आता फाटकाच्या बिजागऱ्यांसाठी ठेवलंय, आणि चवथीला गेलो तेव्हा फाटक पहिल्यांदाच न कुरकुरता उघडलं.