लस मिळालीच असेल, असं धरू नका

‘आजच्या विद्यार्थ्यांना लहानपणीच हिपॅटायटिस बीची लस मिळालेली असते’ हे एका लेखातलं वाक्य मला पटलं नाही. हिपॅटायटिस बी म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार. सरकारी लसीकरणात ही लस देशभर आली २०११ मध्ये. आज पदवीला असलेली बहुतेक मुलं त्याआधीची.

माझा भाचा पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेचं भाडं देऊन राहतो. त्याच्या जुन्या कार्डावर दोनच डोस निघाले, आणि खोलीतले तिघं एकच रेझर वापरत होते! एका ताटात खुशाल जेवा, त्यातून हा आजार पसरत नाही. पण रेझरवर वाळलेल्या रक्तात हा विषाणू ७ दिवससुद्धा तग धरतो. टॅटूच्या सुईचंही तेच. मी तिघांनाही रक्ततपासणीला घेऊन गेले. भाच्याचा राहिलेला डोस परवाच झाला. बाकी दोघांचे तिन्ही डोस (पहिला, मग त्यानंतर १ आणि ६ महिन्यांनी) व्हायचेत, त्यांच्या तारखा माझ्या फोनमध्ये आहेत.